केसरअक्काचं कुंपण

केसरअक्का मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती जमिनीवर पालथी पडलेली होती. उजवा हात खांद्यापर्यंत एका खड्ड्यात, हातात पत्र्याचा डबा, आणि त्या डब्याने ती खड्ड्याच्या तळाची माती खरवडून वर काढत होती. लुगड्यावर पुरुषी सदरा घातलेला, त्याच्या बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या. मी वसाहतीच्या नकाशाची सुरळी काखेत धरून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने मान वर केली नाही.

"कोन शे? सावली हटाड, माले तळ दिसत नही."

मी मुकाट्याने बाजूला झाले. मी कचेरीतून आलेली, ती रोजंदारीवरची मजूर; पण तिच्या बोलण्यात असं काही होतं की बाजूला झाल्यावरच माझ्या लक्षात आलं, आपल्याला हुकूम झाला आणि आपण तो पाळला.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. सरकारी भाड्याच्या घरांची देखभाल बघणारी आमची एक लहानशी कचेरी जळगावला होती. मी तिथे ट्रेसर होते, म्हणजे नकाशे गिरवायचं काम करायची. आमच्या ताब्यातली सगळ्यात मोठी वसाहत म्हणजे 'दीडशे घरं'. नावाप्रमाणे खरंच दीडशे घरं, बैठी, कौलारू, दोन-दोन खोल्यांची. डाळमिलमधले कामगार, हमाल, शिंपी, शाळेतले शिपाई असे लोक तिथे भाड्याने राहायचे. प्रत्येक घरापुढे थोडं अंगण आणि अंगणाला कुंपण. हे कुंपण कागदावर होतं. प्रत्यक्षात तारा केव्हाच गंजून तुटल्या होत्या आणि लाकडी खांब वाळवीने खाल्ले होते. लोकांनी कुठे पत्रे उभे केले होते, कुठे जुनी लुगडी बांधली होती, आणि बहुतेकांनी कपाशीच्या पऱ्हाट्या रोवल्या होत्या. हिवाळ्यात भरीताचे दिवस आले की हेच लोक आपल्याच कुंपणातल्या पऱ्हाट्या ओढून काढायचे आणि त्यांच्यावर वांगी भाजायचे. जानेवारी उजाडेपर्यंत निम्मी वसाहत उघडी पडलेली असायची. मग शेळ्या, डुकरं, सायकली, सगळ्यांनाच रस्ता मोकळा.

म्हणून सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लावून सगळी कुंपणं बदलायचं काम निघालं. त्या कामावर चार माणसं होती. तीन पुरुष आणि केसरअक्का. मुकादम म्हणून नाव एका पुरुषाचं होतं, पण तोही "अक्काले इचारा" एवढंच सांगायचा.

पहिले काही दिवस मी तिच्याशी अहोजाहो करत होते. ते तिनेच मोडून काढलं. "अक्का म्हनस आनि तुम्ही म्हनस? एक काहीतरी धर," ती म्हणाली. मी अक्का धरलं.

ती भडगावकडची, गिरणेकाठच्या एका खेड्यातली. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा हिने त्याच दिवशी आपली ट्रंक उचलली आणि जळगाव गाठलं. हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नसे. "त्यानी माले सोडी नही. मी त्याले सोडं," एवढी दुरुस्ती मात्र ती ऐकणाऱ्याकडून करून घ्यायचीच. मूलबाळ नव्हतं. काम मागायला आमच्या कचेरीच्या पायरीवर ती सलग आठ दिवस येऊन बसली होती असं जुने लोक सांगत. नवव्या दिवशी तिला हाकलण्यापेक्षा घमेलं देणं सोपं वाटलं असणार.

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तारेने ओरखडून झालेल्या पांढऱ्या रेघा होत्या. हातमोजे मिळाले होते. ते तिने शिंप्याच्या म्हाताऱ्या आईला चुलीतली भांडी उतरवायला देऊन टाकले होते. खांब उभा करून झाला, खडी-सिमेंट ठोकून दोन दिवस गेले, की ती त्याला पाठ लावायची, पाय रोवायची आणि सगळ्या अंगाचा भार टाकून त्याला ढकलायची. "हालस का? हाल बरं!" असं खांबाला बजावायची. खांब हलला नाही की त्याला थोपटून पुढे. एखादा हललाच, तर मुकादमाची धडगत नसे.

कुठल्याही घराचं काम सुरू करण्याआधी ती त्या घरातल्या बाईला बाहेर बोलवायची. धुणं कुठे धुता, रांजण कुठे ठेवता, खाट कुठे टाकता, सगळं विचारून घ्यायची. आमच्या नकाशात नुसता चौकोन असे. तिच्या डोक्यात त्या चौकोनातलं सगळं सामान असे. दुसऱ्या ओळीत एका निवृत्त शाळाशिपायाच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, नेमकं कुंपणाच्या रेषेवर. अक्काने तिथे कुंपणाला कोपरासारखं वळण दिलं आणि झाड आत घेतलं. आमचे उपअभियंता बोरसेसाहेब तपासणीला आले आणि ते वळण बघून भडकले.

"ही लाइन वाकडी का आहे?"

"लिंबू आडवा उना, साहेब."

"लाइन सरळ पाहिजे. झाड तोडा."

अक्का कमरेवर हात ठेवून झाडाकडे वळली, मग साहेबांकडे. "तुम्हीच सांगा त्याले, सरक म्हना. तो सरकना ते मी आत्तेच लाइन सरळ करस."

शाळाशिपायाची बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. साहेबांनाही बहुधा हसू आलं असावं, कारण ते पाठ फिरवून पुढच्या घराकडे गेले. वळण राहिलं. लिंबं मात्र अक्काने कधी घेतली नाहीत. देऊ केली तर म्हणायची, "उद्या म्हनतीन, लिंबूसाठे लाइन वाकाडी."

बोरसेसाहेब माणूस वाईट नव्हता, हे मला इथे सांगितलं पाहिजे. हुशार होता, कामाचा होता. पण वरून कोणी डोळे वटारले की त्याचा आवाज बदलायचा.

त्याच उन्हाळ्यात अक्का सही करायला शिकली. हजेरीपुस्तकात अंगठा उठवून झाल्यावर ती शाई सदऱ्याला पुसत मला म्हणाली, "तू दिनभर रेघा मारस. मना नावना रेघा माले दे." मी टाकाऊ ट्रेसिंग कागदावर 'केसर' असं ठळक लिहून दिलं. दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून ती ते गिरवायची. 'के'ची मात्रा तिला सारखी उलटी यायची. दोन महिन्यांनी तिने हजेरीपुस्तकात पहिली सही केली तेव्हा कारकुनाने विचारलं, "आडनाव?"

"कोनं? बापनं का नवरानं?" अक्का म्हणाली. "दोन्हीसनी काही दिधं नही. केसर, इतलंच बठ्ठं नाव."

कारकुनाने ते तसंच चालवून घेतलं.

दीडशेपैकी शेवटची बावीस घरं रस्त्याच्या कडेची होती. त्या घरांची कुंपणं सगळ्यात शेवटी घेतली होती. काम तिथवर पोचलं आणि एके सकाळी बोरसेसाहेब स्वतः आले. त्यांच्याबरोबर गावातले एक वजनदार गृहस्थ होते, त्यांचं नाव घ्यायची गरज नाही. साहेबांनी शिपायाला चुना टाकायला लावला. जुन्या कुंपणापासून पाच फूट आत, घरांच्या बाजूला, पांढरी रेघ पडत गेली. नवीन कुंपण या रेघेवर घ्यायचं, बाहेरची पट्टी मोकळी सोडायची, असं त्यांनी सांगितलं. त्या पट्टीवर पुढे दुकानाच्या टपऱ्या उभ्या राहणार, हे वसाहतीतल्या लहान पोरांनाही कळलं होतं.

पाच फूट ऐकायला थोडे वाटतात. पण त्या अंगणात धुण्याचा दगड होता, पाण्याचं पिंप होतं, लुगड्याचा आडोसा करून बायका तिथेच अंघोळी करत होत्या. आणि जळगावच्या उन्हाळ्यात सगळं घर अंगणातच निजायचं. तापलेल्या कौलांखाली त्या दोन खोल्यांत कोण राहील? पाच फूट गेले की दगड थेट रस्त्यावर आणि आडोसा टपरीच्या तोंडासमोर. डाळमिलमध्ये काम करणाऱ्या एका माणसाची बायको सकीनाबी त्या ओळीत राहायची. तिने पंधरा-वीस कोंबड्या पाळल्या होत्या. ती चुन्याच्या रेघेवरून चालत अक्कापाशी आली आणि म्हणाली, "अक्का, मेरा आधा आंगन तो गया. नहाना-धोना कहाँ करूँ, घर के अंदर?"

 अक्का तशीच साहेबांकडे गेली.

"साहेब, कागद कोठे शे?"

"कसला कागद?"

"पाच फूट आत घेवाना."

"मी सांगतोय ना!"

"तोंडना हुकूम तोंडमा ऱ्हाऊ द्या. जमीनवर कागद लागस."

आम्ही सगळे तिथेच होतो.  साहेबांनी एकदा त्या वजनदार गृहस्थांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "काम करायचं असेल तर या रेघेवर कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

अक्काने हातातली पहार खाली ठेवली. टाकली नाही, वाकून नीट ठेवली. "मी ते येसू," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या दुपारी ती कचेरीच्या मागच्या खिडकीशी आली. माझं टेबल त्या खिडकीला लागून होतं. मंजूर नकाशाची मूळ प्रत माझ्याच कपाटात होती.

"तुना कागदवर कितलं शे? भीतपाशीन कुंपनलोंग?"

 नोकरीला दोन वर्षं झाली होती, नवरा भुसावळला कामाला, सासूचं आजारपण चाललेलं. मी म्हटलं, "अक्का, नकाशा मी देऊ शकत नाही गं."

"कागद ऱ्हाऊ दे. आकडा सांग. आकडावर कोनी सही नही ऱ्हास."

मी कपाट उघडलं नाही. तो आकडा मी इतक्या वेळा गिरवला होता की मला पाठ होता. "पंधरा फूट," मी म्हटलं. ती गेली. मी त्या दिवशी एवढंच केलं, आणि घरी जाताना मला आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं, याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का वसाहतीत हजर. हजेरीपुस्तकात तिचं नाव नव्हतं. खांब त्याच जागेवर रचून ठेवलेले होते, तारेची भेंडोळीही. तिने सकीनाबीच्या भिंतीपासून सुतळी धरली, पंधरा फूट मोजले आणि तिथे खणायला सुरुवात केली. हातभर खाली जुन्या लाकडी खांबाचं कुजलेलं बूड सापडलं. ते तिने वर काढून सगळ्यांना दाखवलं. मग कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. डाळमिलची पाळी सुटलेले पुरुष आले, शिंपी मशीन सोडून आला, बायकांनी पाण्याच्या घागरी आणल्या. आमचा मुकादम पहिला अख्खा दिवस लांब बिडी ओढत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानेही टोपी काढून ठेवली आणि सिमेंट कालवायला बसला. तीन दिवसांत बावीस घरांचे खांब उभे राहिले.

चौथ्या दिवशी साहेब जीप घेऊन आले. बरोबर खांब उपटायला सहा माणसं. अक्काने त्यांना बघितलं आणि ती कोपऱ्यातल्या पहिल्या खांबाला पाठ लावून उभी राहिली.  तिचं बघून सकीनाबी आपल्या खांबाला टेकली. मग तिची शेजारीण. मग पुढची. सगळ्या ओळीत बाया खांबांना पाठी लावून, तोंडं रस्त्याकडे करून उभ्या. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात पिठाची परात तशीच. सहा माणसं जीपजवळच थांबली.

"ही सरकारी मालाची चोरी आहे!" साहेब ओरडले. "पोलिसांत देईन!"

"सरकारी खांब सरकारी जागामा गाडेल शेतस," अक्का म्हणाली. "चोरी कोठे व्हयनी?"

जीप परत गेली.

पंधरवड्याने चौकशीला वरच्या कचेरीतून एक वयस्क साहेब आले. त्यांनी माझ्याकडे नकाशा मागितला. मी तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर दौती ठेवल्या. "अंतर वाचा," ते म्हणाले. बोरसेसाहेब माझ्याकडे बघत होते. मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटला, पण तो नीट निघाला. मग ते स्वतः जागेवर आले आणि टेप काढायला लावला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी पुढे होईना. अक्का गेली आणि भिंतीला टेकवून धरलं. पंधरा फूट. पुढच्या घराला पंधरा फूट. एका ठिकाणी साहेब थबकले. "इथे चार इंच जास्त भरतंय."

"ती खांबनी जाडी शे," अक्का म्हणाली. "खांब आतून मोजा."

त्यांनी आतून मोजलं. मग टेप गुंडाळला आणि कुंपण आहे तसं राहील असं लिहून दिलं.

पण अक्काला कामावर घ्यायचं तर तिने माफीचा जबाब द्यावा असं ठरलं. 'माझी चूक झाली, पुन्हा असं करणार नाही,' एवढाच मजकूर होता. कारकुनाने तो वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं. मी मनात म्हणत होते, कर बाई, करून टाक. वसाहत वाचली, आता तू वाच.

"काय चुकनं ते लिखा," अक्का म्हणाली. "मंग सही करस."

कारकून साहेबांकडे बघायला लागला. काय चुकलं ते कोणालाच लिहिता आलं नाही. अक्काने थोडी वाट पाहिली, पेन टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

दोन-अडीच वर्षं ती कामाबाहेर होती. जामनेरकडे केळीच्या बागांना तारा ओढायची. कामगारांच्या एका संघटनेने तिचा दावा लावला होता. तारखेला ती धुतलेलं लुगडं नेसून यायची आणि जाताना माझ्या खिडकीशी थांबायची. तिचे गाल बसले होते. एकदा मी म्हटलं, "अक्का, ती सही केली असतीस तर?" ती माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, "केसर इतलंच नाव शे मना. ते बी खोटं लिखसू ते मंग काय ऱ्हायनं?"

दावा ती जिंकली. तिला परत घेतलं, मागच्या वर्षांसकट कायम केलं आणि बदली धुळ्याला केली. जळगावात नको, एवढीच वरच्यांची अट असावी. जायच्या दिवशी रस्त्याकडच्या बावीस घरांतून तिला इतक्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी बांधून दिल्या की तिने निम्म्या स्टँडवरच्या हमालांना वाटल्या. सकीनाबी रडत होती. अक्का तिला रागावली, "रडस काय? कोंबड्या मोज, एक कमी दिसी ऱ्हायनी."

धुळ्याच्या वसाहतीतही तिने कुंपणंच केली. मी मधल्या वर्षांत दोनदा कामासाठी तिकडे गेले. तिथले तरुण अभियंता मला हसत म्हणाले, "तुमच्या जळगावहून काय पाठवलंय हो? आम्ही आधी अक्काला कागद दाखवतो, मग जागा." ते बोलत होते तेव्हा अक्का पलीकडे एका भाडेकरणीला तिचं कडीपत्त्याचं रोप चार बोटं आत सरकवायला लावत होती.

तिला मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, धुळ्याच्या बसस्टँडवर. माझी जळगावची गाडी लागलेली होती. समोर भडगाववरून जाणारी पाचोऱ्याची गाडी उभी होती आणि तिच्यापाशी गलका चालला होता. बघते तर अक्का. केस पार पांढरे, अंगात तोच तसला सदरा. पायाशी नव्या तारेची तीन भेंडोळी. महिन्यापूर्वी ती निवृत्त झाली होती. मी धावत गेले.

"अक्का, ही तार कुठे चालवलीस?"

"गावले." तिच्या डोळ्यांत चमक होती. बापाच्या घराजवळची जागा भावांनी आपसात वाटून घेतली होती. बहिणीचा हिस्सा हिने काढायला लावला होता. तलाठ्याकडे खेटे घातले, भाऊबंदांचे टोमणे ऐकले, भावजयीने तोंडावर दार लावून घेतलं. "भाऊ म्हने, हिस्सा मांगाले लाज नही वाटनी?" अक्का सांगत होती. "मी म्हनं, मी मांगी नही रे. मी मोजी लिधी."

"एकटी राहणार तिथे?"

"एकली कसाले? चारी बाजूले भाऊच शेतस," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. मग माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात खरबरीत होता आणि गरम होता. मला काही बोलायचं होतं, त्या आकड्याबद्दल, त्या कपाटाबद्दल. पण तिचं लक्ष गाडीकडे गेलं होतं.

कंडक्टर तार टपावर घ्यायला तयार नव्हता. काटे आहेत, लोकांच्या सामानाला लागतील, हमाल नाही, त्याने तीन कारणं सांगितली. अक्काने तिन्ही ऐकून घेतली. पदर कमरेला खोचला, पहिलं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि मागच्या शिडीवरून सरसर वर चढली. साठीची बाई. खाली उभ्या असलेल्या दोघा पोरांनी लाजून उरलेली दोन भेंडोळी वर दिली. ती टपाच्या कडेला बसून ती दोरीने आवळायला लागली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. गाडी जरा हलली तसा कंडक्टर घाबरून मागे धावला.

"ओ आजी! उतरा! खाली उतरा आधी!"

अक्काने गाठ दाताने ओढून घट्ट केली, टपाची पट्टी पकडली आणि वरून त्याला सांगितलं:

"उतरसू ना. भडगावले."